चार ते सहाचा हेर

सोमवार, ३

चाळीस वर्षं, आधी गुरूच्या नि मग स्वतःच्या दुकानात, रोज वही लिहिली. कुणाचं कुलूप, कोणत्या बनावटीची किल्ली, सगळं. दुकान बंद करून वर्ष झालं, पण हाताला चैन पडत नाही. म्हणून आजपासून ही नवी वही. निमित्तही तसंच घडलंय.

सकाळी मास्तर आले. म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर, माझे बुद्धिबळातले शत्रू. तोंड एवढंसं झालेलं. त्यांच्या संगणकात कुणीतरी स्पायवेअर घुसवलं होतं. चार महिने कुणी परका त्यांची पत्रं वाचत बसला होता, आणि परवा त्यानं मास्तरांच्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना भलतंसलतं लिहून पाठवलं. आयुष्यभर लोकांची पत्रं न उघडता पोचवणाऱ्या माणसावर ही पाळी यावी!

जाता जाता म्हणाले, "माझ्याकडे नुसती पत्रं होती रे. तुझ्याकडे तर अख्ख्या गावाच्या किल्ल्या आहेत."

आणि ते खरं आहे. गेल्या वर्षी मी जुन्या वह्या संगणकात उतरवल्या. दोन हजार सहाशे गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या किल्लीचा नंबर. नंबर मिळाला की कुणीही कारागीर दहा मिनिटांत किल्ली कापून देईल. आजवर माझ्या हातून एकाचीही किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली नाही. म्हातारपणी तो डाग लावून घ्यायचा नाही. संगणकाला चांगलं कुलूप लावायचं, बस्स. कुलूप निवडायला मला कुणी शिकवावं लागणार आहे का?

मंगळवार, ४

शोध सुरू. इंटरनेटवर एक खिडकी आपोआप उघडली आणि लाल अक्षरांत बोंबलू लागली, "तुमच्या संगणकात ४१२ धोके! आत्ता इथे दाबा!" मी हात मागे घेतला. जो कुलूपवाला न बोलावता दारात येऊन ओरडतो की तुमचं दार उघडं आहे, तो चोराचा मेहुणा असतो. धंद्यातला पहिला धडा. खिडकी बंद केली.

हिला सांगितलं तर ही हसली नाही, उलट घाबरून म्हणाली, "पण संगणक बंद तर नाही ना ठेवावा लागणार?" मी म्हटलं, तुला काय फरक पडतो, तू कुठे वापरतेस? तशी म्हणाली, "नाही, आपलं तुमच्यासाठी विचारलं."

बायको असावी तर अशी.

गुरुवार, ६

दोन दिवस वाया. एक फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं. ते दर पंधरा मिनिटांनी स्वतःचीच जाहिरात करतं. म्हणून आणखी एक घातलं. आता दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून भांडतायत आणि संगणक मरगळलेल्या बैलासारखा उठता उठत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत. मी दारावर दोन कुलपं लावायला कधी ना म्हणत नसे, पण इथला न्याय वेगळा दिसतोय.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एखाद्या जाणकाराला बोलवा ना." मी म्हटलं, अगं, जाणकार तुझ्याशीच बोलतोय. ती म्हणाली, "आईला द्या फोन." मग दोघी अर्धा तास कुजबुजल्या. कसलं बोलणं विचारलं तर ही म्हणाली, "भिंगाचं." नवं भिंग घेतलंय हिनं, चांगलं पितळी दांड्याचं. बारीक अक्षर दिसत नाही म्हणे. वर्तमानपत्राला एवढं मोठं भिंग!

शनिवार, ८

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण जनाचं ऐकायला निदान जन तरी हवा, म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, हातात स्क्रूड्रायव्हरांची पिशवी, बोलणं मोजकं. हत्यारं नीट घडी करून ठेवतात हे पाहिलं आणि मला बाई पटल्या.

त्यांनी दोन्ही पहारेकरी काढून टाकले. मी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. हे सॉफ्टवेअर रोज नवे चोर ओळखायला शिकतं का? शिकतं. उगाच आरडाओरडा करतं? नाही. कोण आलं, कोण गेलं, काय बाहेर नेलं, याची नोंद ठेवतं? ठेवतं, रोजची. बनवणारे कोण, त्यांचं नाव-पत्ता आहे? आहे, आणि तक्रार केली तर माणूस फोन उचलतो. मी म्हटलं, हेच घाला. दिसायला साधं आहे, पण चांगलं कुलूप साधंच असतं.

मग त्या म्हणाल्या, "आता पासवर्ड टाका," आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला इतकं बरं वाटलं! आमच्या धंद्याची हीच रीत. गिऱ्हाईक तिजोरीला नंबर लावतं तेव्हा कुलूपवाल्यानं पाठ फिरवायची. माझा गुरू तर आणखी पुढचं सांगायचा. "पाठ फिरते, कान फिरत नाहीत. चकतीचे टकटक आवाज मोजशील, म्हणून शीळ घाल." चाळीस वर्षं मी लोकांच्या तिजोऱ्यांपुढे भिंतीकडे तोंड करून शीळ घातली.

मी पासवर्ड टाकला. बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काका, मनात म्हणा." मला तो मोठ्यानं म्हणत टाइप करायची सवय आहे, चूक होऊ नये म्हणून. घरात ऐकायला असतं कोण? ही तर स्वयंपाकघरात.

जाताना विचारलं, "घरात किती माणसं? प्रत्येकाचं वेगळं खातं केलं तर जास्त सुरक्षित." मी म्हटलं, एकच वापरणारा आहे, एकच खातं पुरे. बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं. ही कपबशा उचलत होती.

बुधवार, १२

रोज सकाळी चहाबरोबर कालची नोंद वाचतो. वर्तमानपत्रापेक्षा बरी, खोटं काही नाही.

पण आज चहा निवला तरी कळलं नाही. नोंद सांगते की काल दुपारी चार ते सहा या वेळात एका अनोळखी प्रोग्रॅमनं मोठमोठ्या फाइली बाहेर पाठवल्या. मागची पानं नीट पाहिली तर परवाही चार ते सहा. शनिवारीही, बाई जाऊन तास झाला नाही तोच.

चार ते सहा मी मास्तरांकडे बुद्धिबळाला असतो! म्हणजे हेराला माझं वेळापत्रक ठाऊक आहे. माझ्या कुलपातून चोरी? बघतोच त्याला.

मास्तर म्हणाले, "सगळं काढून टाक, संगणकच विकून टाक." दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकणारच. मी म्हटलं, छे. चोर पकडायचा. किल्ल्यांचे नंबर मात्र आजच संगणकाला जोडायच्या एका वेगळ्या डबीत उतरवून घेतले, संगणकातून पुसले, ती डबी तिजोरीत. आता हेरानं काय हवं ते न्यावं.

शुक्रवार, १४

सापडलं! एका कोपऱ्यात दडवलेलं फोल्डर. आत चित्रं. पिवळे पडलेले कागद, बारीक रेघा, डोंगर, पाऊलवाटा. नकाशे! म्हणजे हा साधासुधा भुरटा नव्हे, खराखुरा हेर. माझ्या संगणकाचा त्यानं अड्डा केलाय.

हिला हाक मारली. नकाशातलं हिला कळतं. लग्नानंतर तीन वर्षं ही नकाशांच्या कचेरीत आरेखनाला होती, हात इतका सरळ की साहेब फूटपट्टी काढून घ्यायचे. पुढे वरच्या जागेसाठी दुसऱ्या गावी वर्षभर शिकायला बोलावलं होतं, पण नेमकं तेव्हाच मी दुकान काढलं. मी म्हटलं, दुकान कोण बघणार? हिनं लगेच ऐकलं. बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसली, एकदाही कुरबुर नाही. आमच्यात वाद कसे ते नाहीतच, हे मी सगळ्यांना सांगतो.

ही पडद्यासमोर खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ही विहिरीची खूण. हा पडका पूल. पुसट झालेल्या रेघा कुणीतरी पुन्हा उजळल्यात."

"कशासाठी?" मी.

"मला काय माहीत? पण ज्यानं केलंय त्यानं मन लावून केलंय."

"हेर मन लावूनच काम करतो, अगं!"

"बरोबर आहेत का रेघा? तुम्हाला कशा वाटतात?" हिनं विचारलं.

हेराच्या रेघांचं मी कौतुक करू? पण खोटं कशाला लिहू, हात चांगला आहे चोराचा.

शनिवार, १५

आज पक्का बंदोबस्त. तो प्रोग्रॅम आणि नकाशांचं फोल्डर, दोन्ही सॉफ्टवेअरच्या कोठडीत टाकले. तिथून काही हलत नाही. "कायमचं नष्ट करा" असंही एक बटण आहे, पण मुद्देमाल आधी बाईंना दाखवावा म्हणून थांबलो. गुरुवारी येते म्हणाल्यात; नाही आल्या, तर शुक्रवारी सकाळी आपणच दाबायचं.

पासवर्डही बदलला. या वेळी मनात म्हटला.

हिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता माशीसुद्धा आत शिरणार नाही. ही म्हणाली, "शुक्रवारी सकाळी नष्ट करणार?" मी म्हटलं, हो. ही स्वयंपाकाला लागली. भाजीत मीठ नव्हतं.

सोमवार, १७

ही म्हणाली, "अहो, नवा पासवर्ड काय आहे? मला एक पत्र लिहायचंय."

मी म्हटलं, "तू सांग, मी लिहून देतो."

"राहू दे," म्हणाली.

हिला पत्र लिहायची हौस कधीपासून? पण पासवर्ड सांगणं तत्त्वात बसत नाही. एकाला सांगितलेलं गुपित, गुपित राहत नाही.

मंगळवार, १८

नोंद पाहा! काल चार बारा, चार तेरा, चार पंधरा, चार एकोणीस. चार वेळा चुकीचा पासवर्ड. हेर आलाय, आणि दारावर डोकं आपटून गेलाय. मी एकटाच हसलो.

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, हे बाहेरून झालेलं नाही. तुमच्याच कीबोर्डवरून झालंय."

"म्हणजे घरात शिरतो?"

बाईंनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"कोणी नाही हो. मी नसलो की ही एकटी."

 मग म्हणाल्या, "मी लांब कामाला आलेय, शुक्रवारी दुपारी येते. तोपर्यंत काही नष्ट करू नका. आणि काका, काकूंशी एकदा बोला."

थांबतो कसला, शुक्रवार सकाळ ठरली म्हणजे ठरली. आणि हिच्याशी बोलू काय? उगाच घाबरेल बिचारी. दाराची दोन्ही कुलपं तपासली. एक ओरखडा नाही. म्हणजे चोराकडे किल्ली आहे. माझ्या घराची किल्ली! अपमान आहे हा.

संध्याकाळी ही जवळ येऊन बसली. "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, "थांब गं, आधी हा हेर सापडू दे, डोकं ठिकाणावर नाही माझं." ही उठून गेली. आत हिच्या जुन्या आरेखनाच्या सामानाची पेटी उघडल्याचा आवाज आला.

बुधवार, १९

युक्ती सुचली. उद्या मास्तरांकडे जाण्याआधी कीबोर्डवर ग्रॅफाइटची पूड भुरभुरवणार. घट्ट कुलपात तेलाऐवजी आम्ही हीच घालतो. काळा कीबोर्ड, काळी पूड, कुणाच्या बापाला दिसणार नाही, पण बोटाला लागली की दोन दिवस निघत नाही. मग गल्लीतला प्रत्येक हात तपासेन. नळ दुरुस्त करणारा, दूधवाला, कुणी सुटणार नाही.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पोलिसात जायला हवं होतंस." मी म्हटलं, कुलपात होतो, ते काय कमी आहे?

गुरुवार, २०

आजचं सगळं क्रमानं लिहायला हवं.

चारला गेलो, साडेपाचलाच परतलो. मास्तरांना चक्क हरवून. ही दारात. म्हणाली, "बसा, चहा टाकते."

चहा आला. कप पांढरा. कानाशी तीन बोटांचे काळे ठसे, एक अंगठ्याचा. बशीवर आणखी दोन.

मी ठशांकडे बघत राहिलो. माझं डोकं भराभर चालतं असं मी समजतो, पण त्या वेळी ते बंद दुकानासारखं झालं होतं. गल्लीतले सगळे हात तपासायला निघालो होतो मी. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ही आपल्या बोटांकडे बघत होती. मग समोर बसली आणि म्हणाली, "तुमचा हेर मीच आहे."

जुन्या नकाशांचं एक संग्रहालय आहे. हातानं काढलेले नकाशे विरत चाललेत, त्यांच्या प्रतींवर खुणा उजळायला त्यांना जुन्या पद्धतीचं आरेखन येणारी माणसं हवीत. तशी माणसं आता उरली किती? मुलीनं जाहिरात पाहून हिला कळवलं. तो अनोळखी प्रोग्रॅम त्यांनीच दिलेला. परीक्षेचे तीन नकाशे. दोन तुकड्यातुकड्यांनी पाठवले. तिसरा अर्धा झाला होता, तेवढ्यात मी तो कोठडीत टाकला. मुदत उद्या दुपारी बारा.

"आणि मी सकाळी ते नष्ट करणार होतो," मी म्हटलं.

"म्हणून तर शेवटचं एकदा करून बघत होते. तुमचा वाढदिवस घातला, मुलीचा घातला, दुकान उघडलं ती तारीख घातली." मग हळूच म्हणाली, "माझाही घातला. तोही नव्हता."

मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. म्हटलं, "बाहेरच्या बाईला कळलं, मुलीला माहीत, आणि मला सांगितलं नाहीस?"

ही म्हणाली, "तेहेतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी कप उचलून हातात धरला.

मग तीच म्हणाली, "नापास झाले असते तर कुणाला कळू नये, एवढंच होतं मनात. कप द्या, धुऊन आणते."

मी कप दिला नाही. उठलो, संगणक सुरू केला, कोठडी उघडली. हेराला बाहेर काढलं. विचारलं, "किती राहिलंय?"

"एक अख्खी नदी," म्हणाली.

शुक्रवार, २१

ही सकाळी सहाला बसली. मी कीबोर्ड आधीच पुसून ठेवला होता. माऊस, भिंग, खिडकीचा उजेड, सगळं लावून दिलं आणि मग काही काम उरलं नाही. स्वयंपाक मी केला. भात खाली लागला, वर कच्चा. हिनं तसाच खाल्ला.

नऊला मास्तर उगवले, हेर सापडला का विचारायला. त्यांना दारातच थोपवलं. म्हटलं, सापडला. "कोण?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला कारागीर. ते माझ्याकडे बघत परत गेले.

मी एकदाच आत डोकावलो. ही वाकलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि पडद्यावर एक नदी हळूहळू खाली उतरतेय. गल्ल्यावर बसलेली असताना हिचा असा चेहरा मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. खुर्ची तीच आहे, दुकानातली.

अकरा अठ्ठेचाळीसला पाठवलं. अकरा पन्नासला पोचल्याची पावती आली. ही खुर्चीत मागे टेकली आणि रडली, आणि मीही.

दुपारी बाई आल्या. मुद्देमाल कुठाय विचारलं. मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, वाचलो. त्या हसल्या. मला वाटतं त्यांना शनिवारीच कळलं होतं.

रविवार, २३

निकाल यायचाय. ही म्हणते, काय होईल कोण जाणे. मला शंका नाही. चाळीस वर्षं हात बघून माणूस ओळखलाय, आणि शेजारचा हात तेवढा राहून गेला होता, तो आता पाहिलाय.

सकाळी एक काम उरकलं. बाईंनी सांगितलेलं आणि मी उडवून लावलेलं. हिचं वेगळं खातं केलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, या व्यक्तीवर देखरेख ठेवायची का? मी "नाही" दाबलं. मग पडद्यावर आलं: पासवर्ड टाका.

"काय टाकू?" हिनं विचारलं.

"मला सांगू नकोस. मला काय, कुणालाच नको. विसरण्यासारखा नको आणि माझा वाढदिवस नको, बस्स."

ही हसली. मग विचार करत बसली. मी खुर्चीमागून सरकून खिडकीशी गेलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

पहिला टक्क आवाज आला. मग दुसरा. तिसरा. कान आपोआप मोजायला लागले, मेले, चाळीस वर्षांची सवय. म्हणून मी ओठ गोल केले आणि जोरात शीळ घालायला लागलो. ही "झालं" म्हणाली तरी मी थोडा वेळ तशीच घालत राहिलो.